गाडीत आईला झोप लागली

माझ्या धाकट्या भावाने ती गाडी घेतली तेव्हा मी त्याची भरपूर टिंगल केली. पुण्यात राहून माणूस बिघडतो असं माझं आधीपासूनच मत आहे, आणि त्या गाडीने ते पक्कं केलं. विजेवर चालणारी, लांबलचक, बसकी गाडी. दाराला धरायला मूठ नाही. आपण जवळ गेलो की ती आतून बाहेर येते. मी विचारलं, एखाद्या दिवशी नाही आली बाहेर तर काय, खिडकीतून जाणार का? तो नुसता हसला. नव्या गाडीवाल्या माणसाला काहीही बोललं तरी लागत नाही.

त्याने मला फोनवर जाहिरातही दाखवली होती. तिच्यात एक बाई मागच्या सीटवर पाय पसरून चहा पीत असते. बाहेर खडी, धूळ, ट्रक, वादळ, आणि आत कपातला चहा हलतसुद्धा नाही. बाहेरचं जग बाहेरच राहील, असं एक जाड आवाजाचा माणूस सांगतो. एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते तेही शेवटी मोठ्या आकड्यात येतं. भाऊ म्हणाला, ताई, या हिशोबाने बुलढाण्याहून निघून थेट मुंबई, मध्ये कुठे थांबायचंच नाही. मी म्हटलं, त्या बाईला कपासकट आमच्या चिखली रस्त्याने आण, मग बघू.

मी शाळेत शिकवते. मुलांना निबंधात ‘जाहिरातीचे युग’ लिहायला देऊन देऊन माझा जाहिरातींवरचा उरलासुरला विश्वासही उडालेला. तेव्हा गंमत म्हणून हा विषय संपला होता. आई आजारी पडली आणि तो पुन्हा निघाला.

आई माझ्याजवळ बुलढाण्यातच राहायची. अंगणवाडीची नोकरी करून तिने आम्हा दोघांना वाढवलं होतं. वडील फार लवकर गेले. तिचा आजार कमरेच्या हाडापर्यंत पोचला तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणताना भाड्याची जीप केली होती. प्रत्येक गतिरोधकाला ती पदराचा बोळा दातांत धरायची. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर बसली तरी दुखायचं, निजली तरी दुखायचं. गोळ्यांनी थोडी गुंगी यायची, झोप नाही. डोळे मिटलेले असले तरी कपाळावरची आठी जागीच असायची.

अशात तिने उंद्रीला जायचं काढलं. उंद्रीला तिची मोठी बहीण, माझी मावशी. आई तिला ‘बाई’ म्हणायची. ती एकदा दवाखान्यात येऊन, बघून, रडून गेली होती. पण आईचं तेवढ्याने भागलं नव्हतं.

“मले उंद्रीले नेऊन द्या एक डाव,” ती म्हणाली. “बाईशी बोलायचं हाय.”

अडचण अशी होती की मावशीला ऐकू येत नाही. फोनवर तर अजिबात नाही, आणि समोरासमोरही कानाशी तोंड नेऊन जोरात बोलावं लागतं. मावशीला सांगितलेली गोष्ट सगळ्या आळीला कळते, यावर आमच्याकडे पूर्वी फार हसणं व्हायचं. मी म्हटलं, मावशीला इथेच आणू, तू निजल्या निजल्या बोल. आईने मान हलवली.

“इथं ओरडून सांगतलं त पुरी कॉलनी आयकते. तिच्या वावरात बसून सांगीन.”

असं काय सांगायचं आहे, मी विचारलं. ते तुमच्यासाठी नाही, एवढंच म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या दोन बहिणींमध्ये काय असेल, मला कल्पना नव्हती. पण आईने आयुष्यात आमच्याकडे फार काही मागितलेलं नाही. हे मागितलं तेव्हा तिच्या आवाजात लाज होती, आणि ती मला सहन झाली नाही. मी भावाला फोन केला. जीपमध्ये मी तिला पुन्हा घालणार नाही, तुझी ती गाडी घेऊन ये, म्हटलं.

तो दुसऱ्याच दिवशी आला. वाटेत त्याला दोनदा चार्जिंगला थांबावं लागलं होतं आणि एका ठिकाणी रांगही होती. मुंबईचं काय झालं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. बुलढाण्यातला चार्जिंगचा खांब बरेच दिवस बंद पडलेला. रात्रभर घरातल्या साध्या सॉकेटवर गाडी लावली, त्यातही मध्ये वीज गेली. सकाळी निम्म्याच्याही खालीच होती. जाऊन यायला पुरेल, आरामात पुरेल, भाऊ म्हणाला.

आईला आम्ही दोघांनी उचलून मागे बसवलं. सीट मागे झुकली, पायांखाली आधार आला, आणि आई एकदम बिचकून म्हणाली, हे काय होऊन राह्यलं. मग गाडी निघाली. आवाज नाहीच. मी पुढे बसून मान वळवून तिच्याकडेच बघत होते. पहिला गतिरोधक आला तेव्हा मीच दात आवळले. गाडी जरा वर उचलल्यासारखी झाली आणि खाली आली. आईचा पदर हातातच होता. दुसरा गेला, तिसरा गेला. उखडलेला तुकडा आला तिथे भावाने बैलगाडीच्या वेगाने नेली. आई बाहेर बघत होती. तुरी उभ्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता. “गाडी चांगली हाय रे पोरा,” ती म्हणाली, आणि चिखली सोडून खामगाव रस्त्याला लागल्यावर तिचे डोळे मिटले.

आधी मला भीती वाटली. मग पाहिलं तर तिच्या कपाळावर आठी नव्हती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. कित्येक आठवड्यांत मी हा चेहरा पाहिला नव्हता. ती झोपली होती. गुंगी नाही, खरी झोप. भावाने आरशातून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्या गाडीबद्दल मी जे जे बोलले होते ते सगळं त्या क्षणी मनातल्या मनात मागे घेतलं. जाहिरात खोटी नव्हती. बाहेरचं जग खरंच बाहेर राहिलं होतं.

मावशीच्या गल्लीत सिमेंटचा मोठा उंचवटा आहे. बसक्या गाडीची बॅटरी पोटाखालीच, ती घासली असती, म्हणून गाडी गल्लीत घालता येणार नव्हती. मावशीला आधीच निरोप धाडला होता. ती उंद्रीच्या बसस्टँडवर येऊन उभी होती, पांढरं लुगडं नेसून, हातात पिशवी. पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा, आईला आवडतात म्हणून. वावरापर्यंत न्यायला तिने पुतण्याची बैलगाडी सांगून ठेवली होती, तिच्यात गादीही घातली होती.

गाडी थांबली, मी दार उघडलं. स्टँडवरचा गलका आणि वारा आत शिरला आणि लगेच आईच्या कपाळावर आठी आली. ती कण्हली. मावशी वाकून बघत राहिली. तिला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती नेहमी मोठ्याने बोलते. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं.

“झोपली का?”

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की फार दिवसांनी झोपली, आता उठवते. तिने माझं मनगट धरलं.

“नोको उठवू तिले. झोपू दे. गाडी चालू ठेवा, थांबली का तिले दुखते.”

आणि ती आईच्या शेजारी येऊन बसली. दार लावलं, गाडी सुरू झाली, आणि आईची आठी पुन्हा विरघळली. मग आम्ही त्या रस्त्याने नुसते फिरत राहिलो. उंद्रीच्या पुढे बरेच लांब जायचो, वळायचो, उंद्रीवरून परत जायचो, पुन्हा वळायचो. स्टँडवरची माणसं आमच्याकडे बघत होती. मावशीने आईचा हात मांडीवर घेतला होता आणि ती तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती. भावाने आरशातून खूण करून विचारलं, उठवायचं का? मावशीने नाही म्हणून मान हलवली. काही वेळाने मी विचारलं. तिने पुन्हा मान हलवली. बहिणीला इतकं शांत बघून तिचं मन भरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमचंही.

शेवटी भावाने पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. तो भराभर उतरत चालला होता. आता घराकडे निघालो नाही तर पोचणार नाही, म्हणाला. मावशी स्टँडवर उतरली. शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

“उठली का सांगजो तिले, मी बसली होती म्हणून. मंग आणजा पुन्हा तिले. आता काय, गाडी हाय तुमच्यापाशी.”

आई जागी झाली ती बुलढाण्यात, आमच्या फाटकापाशी, गाडी थांबल्यावर. चेहरा ताजा दिसत होता. तिने विचारलं, “आली का उंद्री?”

मी उतरून मागे तिच्या शेजारी जाऊन बसले. मग मी सांगितलं. मावशी आली होती, शेजारी बसली होती, तुझा हात धरून. तू झोपली होतीस म्हणून तिनेच उठवू दिलं नाही. आईने हाताकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग भावाकडे.

“मंग पलटव ना गाडी,” ती म्हणाली. अगदी साधं. दुकानात काही विसरलं तर म्हणावं तसं.

जाहिरातीतला आकडा खरा असता तर त्या वेळी आम्ही उंद्री पुन्हा गाठू शकलो असतो. उजेड होता. पण गाडीत जे उरलं होतं त्यात चिखलीच्या पुढे जाता आलं नसतं. भाऊ तरीही धावत जाऊन चार्जिंगचा खांब बघून आला. तो बंदच होता. मी जीपचं काढलं. आईने डोळे मिटून नाही म्हटलं. सकाळी जाऊ, याच गाडीत जाऊ, म्हणाली. शेंगांची पिशवी मागून घेतली आणि उशाशी ठेवून घेतली.

रात्रभर गाडी सॉकेटवर राहिली. सकाळी ती बरीच चार्ज झाली होती. आईला मात्र उठवता येईना. श्वास लागला होता, शब्द फुटत नव्हता. भाऊ एकटाच उंद्रीला गेला आणि मावशीला घेऊन आला. तो एवढ्या वेगाने आयुष्यात कधी गेला नसेल. मावशी आली तेव्हा आईचे डोळे उघडे होते, ओठ मध्येच हलत होते. मावशीने तिच्या तोंडाला कान लावला. किती वेळ तशीच वाकून होती. आम्ही कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून हात हलवला, काही नाही म्हणून. संध्याकाळी आई गेली.

नंतरच्या आठवड्यात भावाला शोरूममधून एका मुलीचा फोन आला. गाडी कशी वाटली, अपेक्षेप्रमाणे आहे का, किती गुण द्याल. मी शेजारीच होते. मला वाटलं तो चिडेल, आकड्यांवरून तिला धारेवर धरेल. मी असते तर सोडलं नसतं. त्याने फक्त एवढंच सांगितलं, की माझ्या आईला गाडीत झोप लागली. ती मुलगी खूष झाली. सर, किती छान, हे आम्ही आमच्या पेजवर टाकू का, म्हणाली. बिचारीला काय माहीत. भावाने फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ रडला.

आईच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता, त्या दिवशी मावशी एसटीने आली. भावाने आणायला येतो म्हटलं होतं, तर नको म्हणाली. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मागच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिने घेतला नाही. तिने मला शेजारी बसवलं आणि विचारलं, काय सांगायचं होतं तिले? मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की मला ठाऊक नाही, तिने आम्हाला सांगितलं नाही. मग मला वाटलं तिला धीर द्यावा. मी म्हटलं, मावशी, शेवटी तिला चांगली झोप तरी मिळाली, तुझ्यामुळे मिळाली, तू म्हणालीस म्हणून आम्ही उठवलं नाही.

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, बाहेर ओट्यावर बसलेल्या भावालाही ऐकू जाईल अशी म्हणाली,

“मी त म्हटलंच होतं. पण तू काऊन आयकलं वं माह्यं?”