वकिलांचा विरोधकाबरोबर चहा

आल्याच्या चहाचा वास आला की धारवाडच्या कोर्टासमोरचं ते धुरकट हॉटेल आठवतं. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हाणामारी झाली आणि अण्णावर, माझ्या थोरल्या भावावर, खटला झाला. शिक्षा झाली तर नोकरी जाणार होती, आणि त्याच पगारावर मी घरातली पहिली पदवीधर झाले होते. आमचे वकील मात्र मार खाल्लेल्या माणसाशेजारी हसत चहा पीत बसलेले. “फितला गं हा,” आई पुटपुटली. वकील उठून आमच्याकडे आले. “गुन्हा कबूल करायचा.” मी विचारलं, “त्यांच्या सांगण्यावरून?” “अगं, कबुलीचा समझोता दोन्ही बाजूंनी बसूनच ठरतो. तुरुंग नाही, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका.” मला पटेना. त्यांचा मसुदा मी ओळीवर बोट ठेवून वाचला. “यात ‘दोषी’ लिहिलंय. मग नोकरी?” “अशा सुटकेचा डाग नोकरीला लागत नाही, कायदाच आहे तसा.” “मग नोकरीला डाग लागणार नाही, हेही मागा यात.” ते चिडले, “वकिलावरच संशय! कुणी शिकवलं हिला एवढं?” सकाळपासून मान खाली घालून बसलेला अण्णा तेव्हा पहिल्यांदा बोलला, “मी शिकवलं, साहेब. ती म्हणते ते लिहा.” त्यांनी लिहिलं, कोर्टाने मानलं, आणि अण्णा आजही त्याच कारखान्यात कामाला जातो.