खिशातली चिठ्ठी

इथे अमेरिकेत, रेडमंड गावच्या एका काकांनी एका पुस्तकातली पद्धत वाचून, एकट्याच्या हिमतीवर दारू सोडली होती. त्याच पद्धतीची पत्रकं ते लायब्ररीत वाटत. पद्धतीच्या नावाचा ट्रेडमार्क आमच्या वकिली फर्मच्या क्लायंटचा, म्हणून मी ‘हे नाव वापरू नका’ अशी नोटीस धाडली. तर काका प्रत्येक पत्रकावरचं नाव खोडून, गठ्ठा घेऊन ऑफिसात हजर!

“खिशातल्या चिठ्ठीवरही तेच नाव आहे. प्यावंसं वाटलं की वाचतो. चालेल ना?”

“अहो काका, तुमच्या खिशात कोण बघतंय?” मी वैतागलो.

“मग तसं लिहून दे.”

एका ओळीचं काम. पण साहेब म्हणे, क्लायंटला विचारल्याशिवाय लेखी काही द्यायचं नाही. डोकंच फिरलं माझं. साहेबांच्या केबिनमधून बाहेर येऊन काकांना नकार सांगितला.

त्यांनी घड्यांवर विरलेली ती चिठ्ठी काढली, माझ्याकडे पेन मागितलं आणि तिच्यावरचंही नाव खोडलं.