नापास घराचा पहिला नंबर

लोकांची घरं मोजत हिंडणाऱ्या माणसाकडं दुसरं काही साठत नाही, किस्से मात्र उतू जातात. दारात उभं राहून 'आत येऊ का' म्हटलं की पुढचं काहीच आपल्या हातात राहत नाही. मी वसमतची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. सध्या हिंगोलीच्या एका लहान संस्थेत घरकुलांचा सर्व्हे करून राहिले. टीम म्हणजे मी, रफिकभाई आणि आमचे सर. सर ऑफिसात, आम्ही उन्हात.

काम समजायला सोपं आहे. योजनेतलं घरकुल उन्हाळ्यात किती तापतं, वारा येतो का, भरदिवसा दिवा लावावा लागतो का, हे मोजायचं. मग फ्रीजवर असतात तसे घराला तारे द्यायचे. ज्याचे तारे कमी, त्याच्या छपराचं काम आधी. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा थर, खालून बांबूच्या चटयांचं छत आणि मागच्या भिंतीत वर एक झरोका. एवढ्यानं घरात दुपारी बसता येतं, पंखाही कमी फिरवावा लागतो.

बाकीचे किस्से सुटे आहेत. कमळाबाईचा मात्र तुकड्या-तुकड्यानं घडला, तर तसाच सांगते.

*

सुरुवात पुसेगावची. तिथं दोन भावांची घरकुलं एकाला एक लागून. मधली भिंत एक आणि बोलणं बंद. थोरल्याच्या घराला दोन तारे आले, धाकट्याला तीन, कारण धाकट्याच्या छपरावर लिंबाची सावली पडते.

थोरले तावातावानं माझ्यासमोर आले. "त्याला तीन अन् मला दोन काहून? सिमिट तर एकाच दुकानचं हाय."

मी म्हटलं, "काका, हे शाळेचे मार्क नाहीत. ज्याचे तारे कमी, त्याचं काम आधी होणार."

काकांनी जरा विचार केला. "मंग मला एकच घाला."

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकट्याचा आवाज आला. "ओ मॅडम, त्याच्यापेक्षा माझं घर जास्त नापास हाय. परत मोजा."

"तुझं कशानं रे नापास? लिंब कोणी लावला? बापानं माझ्या हातानं लावला त्यो!"

मग दोघांची जी जुंपली, ती आमचा चहा संपला तरी चालूच. रफिकभाई मध्ये पडायला निघाले, तर थोरल्याच्या बायकोनं त्यांना हातानंच थांबवलं. म्हणाली, "राहू द्या भाऊ. बापाच्या तेराव्यापासून एक शब्द न्हवता. आज बोलून तर राहिले."

*

आता कमळाबाई. औंढा नागनाथच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक तांडा आहे, तिथली. नवरा गेलेला, एकुलती एक लेक सुनीता सेनगावकडं दिलेली. पत्र्याचं घरकुल, मागं दोन एकर कोरडवाहू.

आम्ही गेलो तेव्हा होळी होऊन गेली होती आणि ऊन चांगलंच पेटलं होतं. पण कमळाबाईच्या घरात पाय ठेवला तर गारवा. जमीन ताजी सारवलेली, दाराला ओलं पोतं, माठाचं पाणी तयार. तापमानाचं मीटर ठेवलं, आकडा बघितला, बाहेरच्यापेक्षा पुष्कळच कमी. चार तारे.

रफिकभाई पत्र्याकडं बघत पुटपुटले, "मॅडम, ये घर झूठ बोल रा."

मी म्हटलं, "मीटर कसं खोटं बोलंल?" आणि पुढच्या घरी गेलो. तिथंही तसंच गार. तांड्यातली सगळीच घरं अशी गुणी निघाली की मी सरांना फोन करून सांगितलं, या तांड्याला घाई नाही.

*

मधल्या दिवसांत आम्ही वसमतच्या बाजूला होतो. तिकडचा एक सर्व्हे आमच्याआधी कोणीतरी ऑफिसात बसून करून ठेवलेला. घरकुलाच्या नकाशात दोन खिडक्या, म्हणून सगळ्या गावात सरसकट दोन-दोन खिडक्या लिहिलेल्या. सर म्हणाले, "एकूण एक खिडकी डोळ्यांनी बघून या."

पहिल्याच घरात मला एकच दिसली.

"मामा, दुसरी खिडकी?"

"हाय की."

"कुठं आहे?"

"हळदीच्या मागं."

खरंच होती. जमिनीपासून आढ्यापर्यंत हळदीची पोती रचलेली, आणि त्यांच्या मागं खिडकी. घरात दुपारी बाराला बल्ब चालू, सगळ्यांच्या अंगाला हळदीचा वास. लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

"मामा, ही खिडकी कधी उघडते?"

मामा शांतपणे म्हणाले, "भाव आल्यावर."

मी सर्व्हेच्या ॲपमध्ये 'खिडकी बंद' लिहिलं. सर फोनवर म्हणाले, कारणही लिहा. मी 'बाजारभाव' लिहिलं आणि ॲपनं ते मुकाट्यानं घेतलं.

*

तिथल्याच एका गल्लीत रफिकभाईंनी पिस्तुलासारखं ते तापमापक काढलं आणि भिंतीवर धरलं. झालं, गल्लीतल्या म्हाताऱ्या कपाळ पुढं करून रांगेत उभ्या. कोरोनापासून लोकांना ते यंत्र ओळखीचं आहे ना. एकीनं तर नातवालाही झोपेतून उठवून आणलं.

रफिकभाई समजावून दमले. "अम्मा, ये आदमी के वास्ते नई है. भिंतीसाठी आहे."

रांगेतली पहिली आजी म्हणाली, "भिंतीला ताप येतो व्हय?"

"हाव अम्मा. तुमच्या भिंतीला लई ताप आहे."

आजीनं भिंतीला पालथा हात लावून बघितला, जसा लेकराच्या कपाळाला लावतात. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "खरंच की गं. मंग हिला काय देता?"

मी म्हटलं, पांढरा लेप, वर छपराला.

"द्या," आजी म्हणाली, "अन् मला डोकेदुखीची गोळी द्या."

*

छपराच्या कामाची पहिली यादी लागली आणि दोन दिवसांनी कमळाबाई एसटीनं हिंगोलीला आली, सरळ सरांच्या टेबलासमोर. खुर्ची दिली तर बसली नाही.

"साहेब, माझं नाव काहून न्हाई?"

सरांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. "बाई, तुमचं घर चांगलं आहे. सगळ्या तालुक्यात गार."

"गार?" कमळाबाई आमच्याकडं बघतच राहिली. मग पदर सावरून तिनं सगळं सांगितलं. सुनीताला दिवस गेलेले, वैशाखात बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी यायची, हा रिवाज. पण विहीणबाईनं साफ सांगून टाकलेलं, 'तुमचं घर न्हाई, भट्टी हाय. तिथं सून पाठवून नातरू भाजून घेऊ काय?'

"ती खोटं न्हाई बोलत, साहेब," कमळाबाई म्हणाली. "मागच्या साली मलाच चक्कर आली व्हती आत. पण माझी एकुलती एक लेक हाय. तिचं बाळंतपण मी न्हाई करायचं तर कुणाचं करायचं?"

बोलता बोलता तिनं पदर डोळ्याला लावला. सरांनी कॉम्प्युटर परत आपल्याकडं वळवला. मी म्हटलं, "मावशी, पण आम्ही आलो तेव्हा घर खरंच गार होतं."

"असंल की. तांबडं फुटल्यापासून पत्र्यावर पाणी मारत व्हते मी. वर ओली पोती घातली, तुमी यायच्या आधी काढली."

"काहून पण?"

आता ती माझ्यावर चिडली. "काहून म्हंजे? नायकानं सांगितलं, उद्या मॅडम येणार. पाव्हण्याला घामाघूम करून बसवायचं का घरात? आमी तांड्याचे लोक हाव, पण एवढी रीत हाय आमाला."

निरोप नायकाकडं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडं, आदल्या दिवशी आम्हीच धाडला होता. आणि पाणी एकट्या कमळाबाईनं मारलं नव्हतं, सगळ्या तांड्यानं मारलं होतं. हातपंपावरून घागरी वाहून बायांनी आमच्यासाठी घरं गार केली, आणि त्यापायी तांडाच्या तांडा यादीतून बाहेर पडला. मला तर रडावं का हसावं कळेना. रफिकभाई एवढंच म्हणाले, "मैं बोला था."

*

दुसऱ्या खेपेला आम्ही न सांगता गेलो, भर दुपारी, ऐन तापाच्या वेळी. सरही आले, पहिल्यांदाच उन्हात.

कमळाबाईनं आम्हाला लांबूनच पाहिलं. तिचा हात आपसूक बादलीकडं गेला. मी ओरडले, "मावशी, पाणी नाही मारायचं." तिनं हात मागं घेतला, पण जीव नुसता कासावीस झाला तिचा. पाव्हणे दारात आणि आपण काहीच करायचं नाही, हे तिनं जन्मात केलं नव्हतं.

मीटर ठेवलं की दार-खिडकी रोजच्यासारखी ठेवून अर्धा तास थांबावं लागतं. आम्ही आत बसलो. पत्रा वरून नुसता ओतत होता. सरांचा शर्ट अंगाला चिकटला, रफिकभाईंनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. कमळाबाई समोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, म्हणजे चुकून वारा घालायचा विंझणा हातात यायला नको. मिनिटा-मिनिटाला म्हणायची, "माफ करा साहेब. लई तकलीफ देऊन राहिले तुमाला."

सर घाम पुसत म्हणाले, "द्या बाई, अजून द्या."

मीटर उचललं. एक तारा, आणि तोही काठावर. कमळाबाईनं धास्तावून विचारलं, "काय झालं?"

"मावशी, नापास. सगळ्या तालुक्यात तुमच्याइतकं नापास घर नाही."

तिनं आधी नागनाथाच्या दिशेनं हात जोडले. मग उठून माठातलं पाणी दिलं, गूळ दिला, आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अगं ऐकलं का, पयला नंबर आला माझा!" पाठोपाठ सगळा तांडा त्या दुपारी आनंदानं नापास झाला.

*

चैत्र सरता सरता तांड्यात काम लागलं. पत्रे पांढरे झाले, चटया बसल्या, झरोके निघाले. कमळाबाईनं विहीणबाईला निरोप धाडला, या अन् बघून जा.

विहीणबाई आली ती मुद्दाम भर दुपारची. सोबत सुनीता, पोट पुढं आलेलं, चेहरा उतरलेला. विहीण तिला इथं ठेवेल की परत नेईल, काही सांगता येत नव्हतं. आम्हालाही कमळाबाईनं बोलावून घेतलेलं, साक्षीला.

विहीण काही साधी नव्हती. पाण्याची गोष्ट तिच्या कानावर गेलीच होती. ती आधी बाहेरच्या बाजेवर चढली, पत्र्याला वरून हात लावून बघितलं, ओला आहे का. मग आत आली, सगळ्या भिंतींना हात लावला, झरोक्याखाली उभी राहिली. कमळाबाई तिच्या मागं मागं हिंडत होती. "बसा तरी," ती म्हणाली.

विहीण बसली. मग भिंतीला टेकली. मग म्हणाली, "जरा पाठ टेकते." आणि डोळ्याला डोळा लागला तो थेट चारच्या चहाला उघडला. उठून तिनं तोंड धुतलं, चहा घेतला आणि सुनीताला म्हणाली, "पिशवी आत ठेव."

कमळाबाई चुलीकडं तोंड करून रडली. सुनीताही रडली. रफिकभाई बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले, आधीच पुसलेली.

वैशाखात नात झाली. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्या. मी झबलं घेऊन गेले, तर झरोक्याखाली पाळणा आणि लेकरू गाढ झोपलेलं. विहीणबाईही नातीला बघायला आलेली, सोबत मोठी बॅग.

पुढं महिनाभरानं कमळाबाईचा फोन आला. मला वाटलं, पाऊस आला, झरोक्यातून पाणी येत असेल.

"मॅडम, घर चांगलं हाय. पोरगी चांगली हाय. सुनीता बी." मग आवाज एकदम खाली गेला, कोणी ऐकू नये असा. "पण विहीणबाई अजून इथंच हाय. चांगली बाजेवर लोळून राहिली. म्हणती, आमच्या घरी लई गरम व्हतं."

"मग मावशी, मी काय करू?"

"काय न्हाई," कमळाबाई म्हणाली. "तिचं घर मोजायला कधी जाता?"