गेवराई ते केज, एकही ओरखडा न आणता

गेवराईच्या स्टँडवर बसच्या टपावरून सायकल उतरवताना कंडक्टरनं विचारलं, "काका, या वयात?" मी म्हटलं, "या वयातच. त्याआधी तुमच्यासारखी ड्यूटी होती." एकतीस वर्षं मी साताऱ्याकडे एस.टी.चा ड्रायव्हर होतो. माझ्या गाडीचा कधी कुणाला धक्का लागला नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो. घरचे वैतागलेत, तरी सांगतो.

सायकलीचं मात्र वेगळं. गेल्या उन्हाळ्यात मागून येणारा टेम्पो न बघता वळलो आणि खांदा मोडून घेतला. दीड महिना मुलीनं, मेघानं, मला हातानं भरवलं. या वेळी निघताना तिनं बोट रोखून बजावलं, "बाबा, अंगावर किंवा सायकलीवर एक जरी ओरखडा आणलात, तर सायकल भंगारात. मग मी काही ऐकणार नाही." मी शब्द दिला. निवृत्त झाल्यापासून सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटतं ते या सायकलीमुळे. ती गेली तर मी टीव्हीसमोर बसून सडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मेघा हे सगळं स्कूटरवर बसून बोलत होती, आणि तिच्या स्कूटरला आरसेच नव्हते. पार्किंगमध्ये अडकतात म्हणून काढून ठेवलेत म्हणे. तेव्हा मी गप्प बसलो. शब्द देणाऱ्यानं जास्त बोलू नये.

गेवराईत आधी सायकलवाला गाठला आणि आरसा मागितला. तो हसायलाच लागला. "सायकलला आरसा? कावून (कशाला)? भांग पाडायचाय का, काका?" माझ्या डोक्यावर भांग पाडण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी टोपी काढून दाखवलं. मग त्यानं मोटारसायकलचा एक जुना आरसा शोधला आणि हँडलला घट्ट आवळून दिला. "घ्या. मागचं हा दाखवील. पुढचं तुमी बघा."

बीडपर्यंत हमरस्ता. कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत राहायचं आणि मागचा ट्रक आरशात आला की हँडल घट्ट धरायचं. ट्रक गेला की त्याचा वारा सायकलीला आधी ढकलतो, मग ओढतो. बसमध्ये बसून हे मला कधी कळलं नव्हतं. वाटेत एका ढाब्यावर धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट, थापलेली भाकरी) आणि दही खाल्लं. चौथं मागितलं तेव्हा ढाबेवाल्यानं सायकलकडे बघितलं आणि न बोलता पाचवंही आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलधारला गेलो. तिथल्या उतारावर सायकल हातात धरून चाललो. दर्शनाला निघालेल्या दोन मुली बघून हसल्या. हसोत बापड्या. धबधब्याला अजून चांगलं पाणी होतं. मी तोंड धुतलं, देवळात हात जोडले आणि बाहेर येऊन एका म्हातारीकडची सीताफळं बसल्या बसल्या संपवली. असं सीताफळ आमच्याकडे मिळत नाही, हे साताऱ्याचा माणूस असूनही कबूल करतो.

खरी परीक्षा नेकनूरच्या पुढे केजच्या रस्त्यावर झाली. वळण संपलं, उतार लागला, सायकल पळायला लागली आणि समोर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं. गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून. भोवती, गाडीचं चाक जाईल एवढ्या फटी ठेवून, डोक्याएवढे दगड मांडलेले. दगडावर जावं तर आपटणार, सोयाबीनवर जावं तर घसरणार. हात आपसूक उजवीकडे वळायला निघाले. पण एकतीस वर्षांची सवय, आधी आरशात बघितलं. आरसाभर नुसती जीप. मागे माणसं लटकलेली, भरधाव. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि दगडांच्या हातभर अलीकडे पाय टेकला. जीप हॉर्न वाजवत उजवीकडून निघून गेली. वळलो असतो तर तिच्याखालीच गेलो असतो. मला भयंकर राग आला होता.

बांधावरून माझ्याच वयाची एक बाई आली. केशरबाई तिचं नाव. मी ओरडलो, "बाई, हा रस्ता आहे का खळं? आत्ता मेलो असतो मी."

"मेलात का? न्हाई ना. मंग आधी पानी प्या." तिनं तांब्या पुढं केला. पाणी प्यायल्यावर ओरडणं अवघड जातं. शिवाय मला लाजही वाटत होती. अशा पिकावरून मी स्वतः कितीदा मुद्दाम बस नेली होती! गरिबाची तेवढीच मळणी होते म्हणून. बसच्या सीटवरून ते दगड वाटाण्याएवढे दिसायचे. हे मी तिला सांगितलं.

"आणि दाणे उचलल्यावर दगड कोण उचलतं?" मी विचारलं.

"ऱ्हात्यात तितंच. उंद्या पुन्हा लागत्यात की."

"या रस्त्यानं घरचं कुणी येतं का?"

"पोरगा येतो मोटारसायकलवर. सकाळीच केजला गेलता. येतो अंधार पडल्यावर." ती दगडांच्या रांगेकडे बघत राहिली. मग पदर खोचला आणि पहिला दगड तिनंच उचलला.

सोयाबीन गोळा करायला आणि दगड खाली चरात लोटायला आम्हाला तासभर लागला. माझी कंबर धरली. ती म्हणाली, "उंद्यापून मारुतीच्या पटांगणात टाकते. तुमाला लई तरास झाला." मी म्हटलं, झाला खरा. उजेड असतानाच केज गाठलं आणि लॉजवर मेल्यासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी सायकल चादरीत गुंडाळून टपावर बांधली आणि बीडच्या बसमध्ये खिडकी धरली. तो उतार आला. रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत मोकळा होता. पुढे मारुतीच्या देवळापुढे सोयाबीन पसरलेलं आणि केशरबाई त्यात पाय ओढत चाललेली. मी हात हलवला. तिला दिसलं नाही, पण मला इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला सगळी हकिगत सांगितली. सुरुवात अर्थात एकतीस वर्षांपासून.

घरी मेघानं चष्मा लावून आधी मला तपासलं, मग सायकल. पेडलखाली वाकून बघितलं. "ओरखडा नाही," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती की काय, देव जाणे.

"आता माझी अट," मी म्हटलं. "स्कूटरला आरसे नाहीत, तर स्कूटर भंगारात."

ती हसली. मग मी तिला त्या जीपबद्दल सांगितलं, आरशात किती मोठी दिसली ते. ती आत गेली, कपाटातून दोन्ही आरसे घेऊन आली आणि पाना माझ्या हातात दिला.

"बसवा, बाबा."

मी बसवले.