ढगाळ दुपारचं ऊन

मामांची उभी हयात बस चालवण्यात गेली, पण गाडी त्यांनी कधी दामटली नाही. म्हणून प्रवासी त्यांना सावकाशमामा म्हणत. निवृत्तीनंतर पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं, पण उपचार रुग्णालयाचेच चालू ठेवले. सलाईन लावायला नर्स घरी येई, आणि छातीवर चिकटवलेली बोटभर पट्टी अंगाचा ताप रात्रंदिवस रुग्णालयाला कळवत राही.

पलंग खिडकीशी होता. दुपारी ऊन छातीवर आलं की पट्टी तापायची आणि फोन वाजायचा.

“मामा, पुन्हा उन्हात ना?” तिकडून नर्स विचारी.

“मग काय! पेन्शनरला दुसरा उद्योग काय?”

“आधी सरका बघू.”

मामा सरकत. बायको पुटपुटे, “जन्मभर माझं ऐकलं नाही, तिचं बरं मुकाट ऐकतात!”

एका दुपारी मामा बस चालवत होते. रस्ता पिवळाधमक, चाकांना आवाज नाही. थांब्याथांब्यावर ओळखीची माणसं चढत होती. वारलेला थोरला भाऊ, शाळेतला जिवलग, मांडीवर शिवणाचं गाठोडं घेऊन बसलेली आई. कुणालाच घाई नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

“मामा, उन्हात आहात का?”

“हो तर, लख्ख पडलंय. पण आत्ता बोलायला नको, गाडी भरलीये.”

“मावशींना द्या बरं,” नर्स म्हणाली.

बायकोनं फोन घेतला.

“मावशी, बाहेर ऊन आहे?”

“कसलं ऊन! सकाळपासून आभाळ भरलंय. का गं?”

“मग ताप चढतोय. आम्ही निघालोच.”

बायकोनं मामांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

नर्स डॉक्टरांना घेऊनच आली. रक्त तपासायला गेलं, औषध बदललं. हुडहुडी भरली ती त्यानंतर. दात वाजू लागले तरी मामा “गाडी बाजूला घेतो” म्हणत होते. दोन दिवसांनी ताप उतरला.

अंगात त्राण आल्यावर त्यांनी बायकोला सगळी बस सांगितली, कोण कुठे बसलं होतं ते सुद्धा.

“आणि मी?” तिनं विचारलं.

“तू नव्हतीस.”

ती चादर झटकायची थांबली. “सगळ्या गावाला जागा होती म्हणा की.”

“तुझा थांबा यायचा होता अजून,” मामा म्हणाले आणि सरकून तिला पलंगावर जागा करून दिली.