न फाटणाऱ्या कागदामागे: यावल ते धुळे

हा प्रवास मी ठरवून केलेला नाही. यावल तालुक्यातल्या लताअक्कांचा फोन आला, "ताई, गाय मेली. डॉक्टरनं पोटातून तुमचा कागद काढला." दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून जळगावच्या गाडीत बसले.

मी एका छोट्या कंपनीत प्लास्टिकवर काम करते. मक्याच्या स्टार्चपासून बनणारं, कुजणारं प्लास्टिक. ते पापडासारखं ठिसूळ. तण रोखायला आणि ओल टिकवायला मल्चिंग पेपर (शेतकऱ्यांचा 'कागद') म्हणून वाफ्यावर अंथरलं की खानदेशातल्या उन्हावाऱ्यात त्याला चिरा जातात. म्हणून आम्ही त्यात रबरासारखा लवचिक पॉलिमर मिसळला. त्याचे बारीक थेंब चीर जागीच थोपवतात. कागद ताणला तरी फाटेना. पण तो पॉलिमर स्वतः कुजत नाही. प्रमाण थोडं आहे, चालून जाईल, असं मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं. जानेवारीत दोन ठिकाणी चाचणीसाठी रोल दिले: लताअक्कांच्या टरबुजाला आणि धुळ्याजवळ एका नानांच्या मिरचीला.

जळगाव स्टेशनवरून एसटी स्टँडला रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. मला मिळालेली यावलची बस भुसावळवरून गेली. एप्रिलमध्ये या बाजूला येणार असाल तर सकाळीच पोहोचा. दहानंतर खिडकीतून भट्टीसारखी झळ येते. तापी ओलांडली की दोन्हीकडे केळीच केळी, मागे सातपुडा. एरवी मी फोटो काढले असते.

लताअक्का पन्नाशीच्या. नवरा वरणगावला कारखान्यात नोकरीला, शेती त्याच बघतात. त्यांनी आधी पाणी दिलं, मग वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. मी नको म्हटलं.

"जेवा. तुमच्यावर राग काढून गाय परत येते का?"

जेवून आम्ही शेतात गेलो. टरबूज काढल्यावर वेल तसेच पडले होते, खाली आमचा कागद. त्या वेलांवर त्यांनी गाय सोडली होती.

"तुमीच सांगेल व्हतं ना, काढायची गरज नाही, माती व्हते म्हणून?"

"हो. मीच सांगितलं होतं."

"मंग मी काढला नाही. गाईले काय समजते? तिनं वेलासंगं खाल्ला."

पाच दिवस गाय फुगली, रवंथ बंद झालं. गुरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते मेलेली गाय उघडायलाच. त्यांनी पोटातला गोळा धुऊन माझ्यासाठी बादलीत ठेवला होता. पीळ दिलेल्या ओल्या साडीसारखा दिसत होता.

"साधा ठिसूळ असता तर कदाचित तुकडे होऊन निघून गेला असता," मला भेटायला थांबलेले डॉक्टर म्हणाले. "हा तुटतच नाही."

मी एक टोक सोडवून ओढलं. ते हातभर ताणलं गेलं आणि फाटलं नाही. प्रयोगशाळेत हेच झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

गोठ्यात त्या गाईचं तीन महिन्यांचं वासरू होतं. अक्कांची सून त्याला बाटलीनं दूध पाजत होती. मी आत गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. बस भरपूर आहेत. पारोळ्याला थांबलात तर शेवभाजी खा, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी चहावर भागवलं.

नाना बांधावर वाट बघत होते. खूश होते. "कागद भारी शे ताई. एक बी जागे फाटना नही. आजून चार रोल द्या."

मी त्यांना गाईबद्दल सांगितलं. त्यांनी वाकून मिरचीखालचा कागद चाचपला. त्यांच्या दोन म्हशी बांधापलीकडे चरत होत्या.

"बठ्ठा काढना पडी?"

"सगळा. तुकडाही राहू देऊ नका."

त्यांनी आधी म्हशी नेऊन बांधल्या. मग आम्ही दोघं ओळीत बसलो. झाडं न उपटता कागद सोडवणं फार किचकट काम आहे. ऊन चढलं तेव्हा तीन सरी झाल्या होत्या. पुढचं मजूर लावून करतो, म्हणाले. निघताना ते रस्त्यापर्यंत आले.

पुण्यात येऊन मी अहवाल दिला. चाचणी थांबली. आता लवचिक आणि स्वतःही कुजणारा पॉलिमर मिसळून बघतोय. तो महाग आहे, आणि कागद पहिल्याइतका चिवट होत नाही. वरिष्ठ म्हणाले, "एका गाईवरून एवढं?" ही पोस्ट वाचून केळीच्या बागा बघायला कुणाला जावंसं वाटलं तर जरूर जा; माणसं जेवू घालतील.

काल अक्कांना फोन केला. पाच बाया लावून त्यांनी शेतातले कागदाचे तुकडे वेचले होते.

"झालं का स्वच्छ?"

"कुठलं? नांगर फिरला की परत वर येते."

"मी येऊ का?"

त्या म्हणाल्या, "या. वेचायले हात लागतेतच."

मी आठवड्याची रजा टाकली आहे.