धाकटीच्या बाप्तिस्म्याची कॅसेट

माझ्या धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि त्या दिवशी मी तिच्यावर जितकी जळले तितकी पुढे कुणावरही जळले नाही. बाबांना वाघोडियाच्या कारखान्यात नुकतीच बढती मिळाली होती. त्यामुळे धाकट्या बाईसाहेबांना जमिनीपर्यंत लोळणारा पांढरा झगा, फतेगंजच्या चर्चमध्ये फुलंच फुलं, तीनमजली केक, आणि वर व्हिडिओवाला! पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं तशी ती किंचाळली. मला फार बरं वाटलं.

पण कॅसेट आली आणि माझा छळ सुरू झाला. घरी कुणीही येवो, चहाबरोबर कॅसेट. शेजारच्या गुजराती बेन दर वेळी त्याच जागी "केटली सरस लागे छे!", किती छान दिसतेय, म्हणून डोळे पुसायच्या. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये माझी फक्त वेणी दिसते, तीही अर्धी.

माझ्या बाप्तिस्म्याचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता. विचारलं की आई म्हणायची, "राहून गेलं गं." राहून गेलं! दूध आणायचं राहून जातं, तसं?

शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं.

"माझा पुन्हा करा. नीट."

ते हसले. "बेटा, बाप्तिस्मा तो एक ज वार थाय." तो एकदाच होतो, देवाने एकदा आपलं म्हटलं की पुन्हा म्हणावं लागत नाही, असं त्यांनी मला समजावलं.

"पण माझा झालाच नसेल तर? फोटो कुठाय?"

त्यांनी हसणं थांबवून माझ्यामागे आलेल्या आईकडे पाहिलं.

आईने मला बाहेर पायरीवर बसवलं. "तुझा बाप्तिस्मा मी केलाय," ती म्हणाली. "इस्पितळात. तू दोन दिवसांची होतीस, डॉक्टरांनी हात टेकले होते. पाळकांना बोलवायला वेळ नसला तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. पेल्यातलं पाणी तीनदा तुझ्या डोक्यावर घातलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एवढं म्हटलं. पाळकसाहेबांनी नंतर वहीत नोंद केली."

खरं तर मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण हेवा डोक्यात गेला होता.

"मग बाबांनी तरी फोटो का नाही काढला?"



"ते तिथे नव्हते," ती म्हणाली. "तुझ्या मापाची शवपेटी सांगायला गेले होते."